क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ : मार्लवाईच्या झोपडीपासून लंडनच्या ग्रंथालयापर्यंत

ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना वास्तू, देणगीदार, सभासद आणि ग्रंथसंख्या यांची नोंद आवर्जून केली जाते. ते योग्यही आहे. मात्र ग्रंथालयात जतन करावे असे काही ज्यांनी आयुष्य वेचून निर्माण केले, त्यांचे स्मरण शतकपूर्तीच्या प्रसंगीही क्वचितच होते. छापील पुस्तकाच्या कर्त्याचे नाव निदान मुखपृष्ठावर राहते. टिपणवह्या, छायाचित्रे, पत्रे आणि चित्रफिती मागे ठेवून जाणाऱ्याचे नाव पेटीवरच्या चिठ्ठीपुरते उरते. आदिलाबादच्या डोंगराळ मुलखातील राजगोंडांचे जीवन अशा टिपणांत उतरवून ठेवणारे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जन्माने ते ऑस्ट्रियाचे, पेशाने लंडनचे प्राध्यापक. परंतु त्यांच्या अस्थी विसावल्या आहेत त्या मार्लवाई नावाच्या लहानशा गोंड खेड्यात.

आदिलाबादहून उटनूरकडे जाताना गुडीहत्नूर मागे टाकले की इंद्रवेल्ली लागते. या मंडलातच केसलापूर असून तेथे मेस्राम कुळाच्या गोंडांचे दैवत नागोबा आहे. पौष अमावस्येला नागोबाची यात्रा भरते. मेस्राम मंडळी गोदावरीचे पाणी अनवाणी चालत आणतात, देवाला अभिषेक होतो आणि कुळातील नव्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते. यात्रेला महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडूनही माणसे येतात, कारण राज्यांच्या सीमा गोंडांच्या सग्यासोयऱ्यांमधून काढल्या गेल्या आहेत. या मुलखात गोंडी घरात बोलली जाते आणि बाजारात मराठी, तेलुगू व उर्दू तिन्ही भाषा चालतात. विशेष म्हणजे गोंडांच्या कुळकथा किकरीच्या सुरावर गाणारे परधान यांची घरची भाषा मराठी आहे. कथा मात्र ते गोंडीत सांगतात. मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म २२ जून १९०९ रोजी व्हिएन्ना येथे झाला. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. आग्नेय आशियाचे जाणकार रॉबर्ट हाइने-गेल्डर्न यांच्या मार्गदर्शनाचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला आणि आसाम व वायव्य ब्रह्मदेशातील डोंगरी जमातींवर प्रबंध लिहून त्यांनी १९३१मध्ये डॉक्टरेट मिळविली. ज्या लोकांवर हा प्रबंध लिहिला त्यांना त्यांनी तोवर पाहिलेही नव्हते. प्रबंधाचा सारा आधार ग्रंथालयातील ग्रंथ हाच होता. त्या काळी मध्य युरोपातील विद्यापीठांत हीच रीत होती. पुढे रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते लंडनला गेले आणि ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की यांच्या चर्चासत्रांत बसू लागले. अभ्यासकाने लोकांमध्ये जाऊन राहावे, त्यांची भाषा शिकावी आणि पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवावे, हा मालिनोव्हस्कींचा आग्रह होता. या दोन परंपरांचा मिलाफ हायमेनडॉर्फ यांच्या पुढील साऱ्या कामात आढळतो. ग्रंथालयात बसून वाचण्याची सवय त्यांनी व्हिएन्नात घेतली. ग्रंथालयाला नवी भर घालण्याची दृष्टी लंडनने दिली.

१९३६मध्ये ते नागा टेकड्यांत आले आणि वाकचिंग येथे कोन्याक नागांमध्ये राहिले. प्रशासक व अभ्यासक जे. पी. मिल्स यांचे त्यांना मोठे साहाय्य लाभले. त्याच वर्षी पांगशा या गावावर गेलेल्या सरकारी सशस्त्र मोहिमेबरोबरही ते होते. ज्ञानाची वाट त्या काळी सत्तेच्या छायेतून जात असे, हे त्यांच्या चरित्रातील पहिल्याच पर्वात दिसते आणि त्याकडे डोळेझाक करणे उचित नाही. या प्रवासात जमविलेल्या वस्तू व्हिएन्नाच्या वस्तुसंग्रहालयात गेल्या आणि १९३९मध्ये नागांवरील त्यांचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध होऊन त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १९३८मध्ये एलिझाबेथ बार्नार्डो यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. बेट्टी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बाई पुढे अर्धशतकभर त्यांच्या प्रत्येक क्षेत्रकार्यात सोबत राहिल्या आणि त्यांच्या अभ्यासात बरोबरीच्या भागीदार ठरल्या.

१९३९मध्ये हे दांपत्य पुन्हा हिंदुस्थानात आले आणि थोड्याच दिवसांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाला असल्याने हायमेनडॉर्फ यांच्याजवळचे पारपत्र जर्मन होते. ब्रिटिश सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ईशान्येकडे जाण्याचा मार्ग बंद झाला. परंतु निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहून काम करण्याची मुभा त्यांना मिळाली. ज्या प्रदेशाचा त्यांनी कधी विचार केला नव्हता तेथे युद्धाने त्यांना आणून सोडले. प्रथम नल्लमल्लाच्या रानातील चेंचू, नंतर गोदावरीकाठचे कोंडा रेड्डी आणि १९४१पासून आदिलाबादचे राजगोंड अशा क्रमाने त्यांचे काम सुरू झाले. चेंचूंवरील ग्रंथ १९४३मध्ये, रेड्डींवरील १९४५मध्ये आणि राजगोंडांवरील १९४८मध्ये प्रसिद्ध झाला.

आदिलाबादेत पाऊल ठेवण्यापूर्वी तेथे काय घडले होते हे लक्षात घेतले पाहिजे. गोंडांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर त्यांच्या नावे नव्हती. जंगल राखीव झाले तेव्हा अनेक वाड्यांवरची माणसे हुसकावली गेली. मोकळ्या जमिनीचे पट्टे मैदानातून आलेल्या सावकारांनी, व्यापाऱ्यांनी आणि वतनदारांनी आपल्या नावे करून घेतले. त्यांत तेलंगणातील होते तसे मराठी मुलखातूनही आलेले होते. अर्ज लिहिता येत नाही, सातबारा किंवा पहाणीपत्रक वाचता येत नाही, कचेरीची उर्दू समजत नाही, अशा समाजाला कायदा असूनही उपयोगाचा नव्हता. या अन्यायातून कुमराम भीम यांचा उठाव झाला आणि १९४०मध्ये जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात भीम व त्यांचे साथीदार मारले गेले. उठाव मोडला, तो का झाला हा प्रश्न मात्र निजाम सरकारलाही टाळता येईना. त्याचे उत्तर शोधण्याचे काम हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले.

त्यांनी मुक्काम केला मार्लवाईत. कुडाच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले घर बांधून हे दांपत्य गोंडांमध्ये राहू लागले. गावचे प्रमुख लच्चू पटेल त्यांचे जिवलग झाले. दिवसा शेतावर, देवस्थानी, लग्नात, मर्तिकात हिंडावे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे लिहावीत, असा क्रम होता. गोंडांचे सगे म्हणजे कुळसमूह चार: सात देवांचे येरवेन, सहांचे सारवेन, पाचांचे सिवेन आणि चारांचे नालवेन. कोणी कोणाशी सोयरिक करावी, कोणाच्या हातचा नैवेद्य कोणत्या देवाला चालावा, हे सारे या विभागणीवर ठरते. आणि या विभागणीचा उगम परधानांच्या मुखी असलेल्या कथांत आहे. पहांदी कुपार लिंगलाने गोंड देवांना गुहेतून कसे सोडविले, त्यांचे सगे कसे पाडले, परसा पेनाची पूजा कशी सुरू झाली, या कथा परधानांकडून ऐकून त्यांनी कष्टाने उतरवून घेतल्या. राजगोंडांवरील १९४८च्या ग्रंथाचा गाभा हाच आहे. केसलापूरच्या यात्रेचे तपशीलवार वर्णनही त्यांच्या लेखनात आढळते.

टिपणे कशी ठेवावीत याविषयी ते काटेकोर होते. शब्दाला छायाचित्राची जोड असे आणि पुढे १६ मिलिमीटर चित्रफितीचीही. एका नांगरणीचे, एका दंडारी नाचाचे, एका देवकार्याचे वर्णन, चित्र आणि चलच्चित्र अशा तीन रूपांतली नोंद त्यामुळे शिल्लक राहिली. ग्रंथ छापून झाला की टिपणे फेकून द्यावीत असे त्यांना कधी वाटले नाही. ग्रंथात लेखकाने निवडलेले तेवढेच येते, टिपणात न निवडलेलेही राहते. आणि पुढच्या पिढीला काय हवे असेल हे लेखकाला आधी कळत नाही. विद्यापीठांची ग्रंथालये ज्याला विशेष संग्रह म्हणतात त्याचे मर्म हेच आहे.

परंतु मार्लवाईचे महत्त्व टिपणांपुरते नव्हते. आपण पाहिलेला अन्याय त्यांनी अहवालांतून सरकारपुढे मांडला. हैदराबादमधील आदिवासींवरील त्यांचे चार अहवाल १९४५मध्ये पुस्तकरूपाने निघाले. बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेले डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन त्या सुमारास निजामाच्या महसूल खात्याचे प्रमुख होते. आदिवासींचे प्रश्न जाणणारा अधिकारी योग्य जागी असल्याने अहवाल कपाटात पडून राहिले नाहीत. १९४५पासून हायमेनडॉर्फ आदिवासी व मागास वर्गांसंबंधी निजाम सरकारचे सल्लागार झाले आणि उस्मानिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्यापनही करू लागले. आदिवासी मुलखाच्या संरक्षणाचा हैदराबादचा विनियम फसली १३५६मध्ये, म्हणजे १९४६च्या सुमारास, आला. जमिनींची मोजणी होऊन गोंड, कोलाम, परधान यांना पट्टे मिळू लागले. १९४९पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात ११,०००हून अधिक आदिवासी शेतकऱ्यांना सुमारे १,६०,००० एकर जमीन देण्यात आली. मानववंशशास्त्रज्ञाच्या टिपणांतून इतकी जमीन कसणाऱ्याच्या नावावर चढल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

पट्टा मिळाला तरी तो वाचता आला पाहिजे. या विचारातून १९४३मध्ये मार्लवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. अडचण अशी की शिकविण्यासाठी पुस्तकच नव्हते. गोंडी ही बोलण्याची भाषा; शाळेत तिला स्थान नव्हते. तेव्हा गोंडीची वाचनमाला तयार करण्यात आली आणि ती देवनागरीत लिहिण्यात आली. मराठीच्या लिपीने गोंड मुलाला त्याची स्वतःची भाषा प्रथम छापील रूपात दाखविली, ही गोष्ट मराठी ग्रंथप्रेमींनी ध्यानात ठेवावी अशी आहे. मूल आधी आपल्या भाषेत वाचायला शिकेल आणि मग कचेरीची व बाजाराची भाषा शिकेल, अशी ही योजना होती. मार्लवाईत तयार झालेले तरुण गावोगाव शिक्षक म्हणून गेले. त्यांच्यातूनच पुढे पटवारी, कारकून आणि अधिकारी निघाले.

या कामात मराठी माणसाचाही वाटा आहे. पुढे मराठीतील थोर इतिहासकार म्हणून ख्याती पावलेले सेतुमाधवराव पगडी हे तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या सेवेत होते. समाजसेवा अधिकारी म्हणून आदिलाबादेत असताना ते गोंडी व कोलामी शिकले, त्या भाषांच्या व्याकरणांवर त्यांनी लेखन केले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. फार्सी दप्तरांइतक्याच आदराने त्यांनी डोंगरातली बोलीही अभ्यासली. हायमेनडॉर्फ आणि पगडी या दोघांची पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर एकाच मुलखाकडे पाहणाऱ्या दोन दृष्टींची वाचकाला ओळख होते.

केसलापूरच्या यात्रेत दरबार भरविण्याची प्रथा हायमेनडॉर्फ यांनीच १९४०च्या दशकात घालून दिली. यात्रेसाठी हजारो गोंड एकत्र येतात. तेथेच अधिकाऱ्यांनी यावे, लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत आणि शक्य तेथे जागेवर निकाल द्यावा, असा त्यामागचा हेतू होता. कचेरीत जाण्याचे धाडस नसलेल्या माणसाकडे कचेरीनेच यावे ही कल्पना साधी होती आणि म्हणूनच टिकली. संस्थान गेले, राज्ये बदलली, जिल्ह्यांच्या सीमा फिरल्या. दरबाराची प्रथा मात्र चालत राहिली.

१९४९मध्ये हायमेनडॉर्फ लंडनला गेले. लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य व आफ्रिकी विद्या संस्थेत, जिला आद्याक्षरांवरून सोआस म्हणतात, ते अध्यापक झाले आणि १९५१मध्ये आशियाई मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. १९७६मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथे होते. नेपाळ परकीयांना खुला होताच १९५३पासून त्यांनी शेर्पांचा अभ्यास आरंभिला. त्यांच्यावरील ग्रंथ १९६४मध्ये निघाला. अरुणाचलातील अपातानींकडे ते १९४४मध्येच जाऊन आले होते. रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. परंतु या साऱ्या भ्रमंतीत आदिलाबाद त्यांच्या मनातून गेले नाही.

निवृत्तीनंतर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ते पुन्हा मार्लवाईला आले. पस्तीस वर्षांपूर्वीची टिपणे सोबत होती. गाव तेच, डोंगर तेच. जमिनीची मालकी मात्र पुन्हा निसटत चालली होती. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून आंध्र प्रदेशाने १९५९मध्ये विनियम केला, १९७०मध्ये तो अधिक कडक केला. पण कायद्याला वाटा फुटल्या होत्या. रस्ते झाले तसे व्यापारी आले, कापसाचा पैसा आला, कर्ज आले. सीमेपलीकडच्या मराठवाड्यातूनही मोठ्या संख्येने कुटुंबे येऊन वसली. लंबाड्यांना आंध्रात १९७६च्या कायद्याने अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रात तो नव्हता. या तफावतीनेही स्थलांतर वाढले आणि गरिबांचा गरिबांशीच संघर्ष पेटला. जुन्या टिपणांतील घरे व शेते आणि समोर दिसणारी घरे व शेते यांची त्यांनी तुलना केली. पूर्वी कोणते गाव कोणाचे होते हे सांगणारा लेखी पुरावा त्यांच्या हाती होता. १९७९मध्ये आंध्र प्रदेशातील गोंडांवरील ग्रंथ आणि १९८२मध्ये भारतातील जमातींच्या जगण्याच्या झगड्यावरील ग्रंथ ही या पुनर्भेटीची फळे होत.

या दोन ग्रंथांच्या मधल्या काळात इंद्रवेल्लीचे नाव साऱ्या देशाला कळले. २० एप्रिल १९८१ हा सोमवार, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा दिवस. जमिनीच्या मागण्यांसाठी गोंडांचा मेळावा ठरला होता. परवानगी नाकारली गेली, तरी गावोगावचे लोक निघाले होते. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार १३ जण मृत्युमुखी पडले; इतरांनी केलेल्या गणना त्याहून कितीतरी मोठ्या आहेत. तेथे उभारलेला स्तूप आजही त्या दिवसाची आठवण देतो. मृतांच्या संख्येविषयीही एकवाक्यता नसावी, हे नोंदींच्या अभावाचे दारुण उदाहरण आहे. १९४०मध्ये जोडेघाट आणि १९८१मध्ये इंद्रवेल्ली, दोन्हींचे कारण एकच, जमीन. त्या कारणाचा चाळीस वर्षांचा इतिहास सलगपणे जेथे सापडतो, ती जागा म्हणजे हायमेनडॉर्फ यांचे लेखन आणि त्यामागची टिपणे.

ही टिपणे आज सोआसच्या ग्रंथालयात आहेत. संस्थेची स्थापना १९१६ची. ग्रंथालयाची विद्यमान इमारत १९७३मधील असून तिचा आराखडा डेनिस लॅस्डन यांनी केला. आशिया, आफ्रिका व मध्यपूर्व या विषयांवरील दहा लाखांहून अधिक ग्रंथ तेथे आहेत. याखेरीज मिशनरी संस्थांची दप्तरे, व्यापारी पेढ्यांचे कागद आणि अभ्यासकांचे खाजगी संग्रह स्वतंत्र विभागात ठेवलेले आहेत. हायमेनडॉर्फ यांची क्षेत्रटिपणे, हजारो छायाचित्रे आणि सुमारे शंभर तासांच्या चित्रफिती यांचा त्यांत समावेश होतो.

असा संग्रह सांभाळणे हे ग्रंथ सांभाळण्याहून निराळे काम आहे. ग्रंथाच्या अनेक प्रती असतात, टिपणवहीची एकच. ग्रंथाचे वर्गीकरण विषयावरून होते. व्यक्तिगत कागदपत्रे मात्र ज्याने ठेवली त्याच्या मूळ क्रमानेच ठेवावी लागतात, कारण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता यालाही अर्थ असतो. म्हणून आधी संपूर्ण संग्रहाचे, मग त्यातील विभागांचे, मग एकेका संचिकेचे वर्णन करणारी सूची तयार करतात. ते कागद घरी नेता येत नाहीत. वाचकाने आगाऊ मागणी नोंदवावी, वाचनकक्षात बसावे, शाई बाजूला ठेवून पेन्सिलीने टिपून घ्यावे, असा परिपाठ असतो. तापमान व आर्द्रता नियंत्रित ठेवावी लागते. जुन्या चित्रफितींचा पाया असलेले रसायन काळाने विघटित होऊ लागते, त्यांना आंबूस वास येतो, त्या आक्रसतात. वेळीच त्यांची दुसरी प्रत केली नाही तर चित्र कायमचे हरपते. हायमेनडॉर्फ यांच्या सुदैवाने ही काळजी घेतली गेली. त्यांचे विद्यार्थी ॲलन मॅकफार्लेन यांनी १९८३मध्ये त्यांची दीर्घ मुलाखत चित्रमुद्रित केली आणि पुढे मार्क ट्यूरिन यांच्यासह २०००मध्ये केंब्रिजला आरंभिलेल्या डिजिटल हिमालय या उपक्रमात त्यांच्या चित्रफितींचे अंकीकरण हाती घेतले. सोआसनेही छायाचित्रे संगणकाच्या जाळ्यावर पाहण्यास उपलब्ध केली आणि १९८२चा ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेमार्फत तेथे विनामूल्य वाचता येतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. मार्लवाईचे आजे-पणजे ज्या छायाचित्रांत आहेत ती लंडनला का असावीत? परधानांनी सांगितलेल्या कथांचे टिपण परधानाच्या नातवाला वाचायचे असेल तर त्याने कोठे जावे? १९४०च्या दशकात हैदराबादेत असा संग्रह ठेवण्याची सोय असलेला विभाग नव्हता. उस्मानिया विद्यापीठाचे ग्रंथालय अरबी, फार्सी, उर्दू हस्तलिखितांनी समृद्ध होते, पण मानववंशशास्त्राच्या टिपणांकडे संग्राह्य वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी तेव्हा जगातही नवी होती. त्यामुळे संग्रह अभ्यासकाच्या मागे गेला, आणि तेथे तो सुखरूप राहिला, हेही मान्य करावे लागेल. परंतु सुरक्षितता हे ग्रंथालयाचे अर्धेच काम आहे; ज्याचे त्याला ते पोहोचविणे हे उरलेले अर्धे. अंकीकरणाने अंतर कमी झाले, भाषेची भिंत मात्र उरली. सूची इंग्रजीत आहे. त्या काळच्या अशा अनेक छायाचित्रांखाली जमातीचे नाव असते, माणसाचे नसते. माणसाचे नाव सांगू शकतील अशी माणसे आदिलाबाद-आसिफाबादच्या वाड्यांवरच आहेत, आणि त्यांतले वृद्ध एकेक करून जात आहेत. ती नावे वेळीच नोंदली गेली तर दूरचा संग्रहही गावाचा होईल.

बेट्टी हायमेनडॉर्फ यांचे जानेवारी १९८७मध्ये हैदराबादेत निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मार्लवाईत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. हायमेनडॉर्फ यांचे आत्मकथन १९९०मध्ये प्रसिद्ध झाले आणि ११ जून १९९५ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. २०१२मध्ये त्यांच्या अस्थी मार्लवाईला आणून पत्नीच्या समाधीशेजारी ठेवण्यात आल्या. दरवर्षी जानेवारीत गोंड मंडळी तेथे जमून या दांपत्याचे स्मरण करतात. परमुलखातून आलेल्या अभ्यासकाला ज्यांचा अभ्यास केला त्यांनीच आपल्या मृतांमध्ये जागा द्यावी, याहून मोठा सन्मान कोणत्या विद्यापीठाकडे असेल?

त्यांच्या कामाला मर्यादा होत्या. ते संस्थानी सत्तेच्या आश्रयाने काम करीत होते. संरक्षणाच्या त्यांच्या योजनांत निर्णय वरून होत, आणि ते राबविणारे सहृदय अधिकारी बदलले की योजना ढिल्या पडत; १९७०च्या दशकातील परिस्थितीने हे सिद्धच केले. त्यांनी लिहिलेले गोंडांविषयी होते, गोंडांनी लिहिलेले नव्हते. परंतु मार्लवाईची शाळा काढून त्यांनी ही उणीव भरून काढण्याचा मार्गही दाखवून ठेवला. देवनागरीतील त्या वाचनमालेपासून निघालेली वाट गोंड लेखकांच्या आणि गोंड संशोधकांच्या स्वतःच्या लेखनापर्यंत जाते.

शतकपूर्ती साजरी करणाऱ्या कोणत्याही मराठी ग्रंथालयाला या चरित्रातून घेण्यासारखे काही आहे. विद्यापीठाची साधने लहान ग्रंथालयाकडे नसतात. वातानुकूलित भांडार नसते, सूचीकार नसतो. पण परिसरातील जुन्या शाळेचे हजेरीपट, यात्रेची निमंत्रणपत्रे, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक, शिक्षकांच्या रोजनिश्या, जुनी छायाचित्रे आणि त्यांमागे लिहिलेली नावे, हे सारे जमविण्यास एक कोरडे कपाट आणि एक नेटका माणूस पुरतो. इंद्रवेल्लीच्या मृतांची नावे कोणी लिहून ठेवली असती, जोडेघाटला त्या दिवशी काय घडले हे पाहणाऱ्यांकडून कोणी त्याच वर्षी विचारून घेतले असते, तर पुढच्या पिढ्यांना आकड्यांवर वाद घालावा लागला नसता. कागद टिकला म्हणून पट्टा टिकला, आणि कागद नव्हता म्हणून जमीन गेली, हे या डोंगरांनी दोनदा पाहिले आहे. मार्लवाईच्या घरात कंदिलाजवळ बसून लिहिणाऱ्या त्या परदेशी गृहस्थाला याची जाण होती. त्याने लिहिले, ग्रंथालयाने जपले. वाचून पुढे नेण्याचे काम उरले आहे आणि ते वाचकांचे आहे.